रीस्टार्ट करून बघा

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी कम्प्युटर चालू केला आणि प्लगइन गायब होतं.

परीक्षेसाठी ब्राउझरला जोडायचं ते छोटं सॉफ्टवेअर रविवारी मी स्वतःच्या हाताने बसवलं होतं. परीक्षेच्या पोर्टलने सांगितलं तसंच सगळं केलं होतं: फाइल उतरवून घ्या, चालवा, हो म्हणा, पुन्हा हो म्हणा, ब्राउझर उघडा. वरच्या कोपऱ्यात निळ्या ढालीचं एक चिमुकलं चित्र आलं होतं आणि पानावर हिरवी खूण. 'तुमचा संगणक परीक्षेसाठी तयार आहे.' आज मंगळवार. ढाल नाही, हिरवी खूण नाही, उतरवून घेतलेली फाइलसुद्धा नाही. पानावर लाल फुली आणि खाली एक ओळ: 'प्लगइन आढळले नाही.' जणू रविवारी मी स्वप्नातच परीक्षेची तयारी केली होती.

काय पणाला लागलं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचा माझा राग कोणाला आगाऊपणा वाटायला नको. मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये मदतनीस आहे. कागदोपत्री मदतनीस. प्रत्यक्षात सकाळी यंत्र मी सुरू करते, नमुने मी लावते, यंत्र रुसलं तर त्याची समजूत मी काढते, आणि डिग्री घेऊन जे नवे तंत्रज्ञ येतात त्यांना पहिले तीन महिने मीच हाताला धरून शिकवते. चौथ्या महिन्यात ते माझे साहेब होतात. रिपोर्ट मी तयार करायचा आणि खाली सही त्यांनी करायची, अशी अठरा वर्षं गेली. डिग्री नसलेल्यांना एक परीक्षा देऊन तंत्रज्ञ होता येतं, सहीचा हक्क मिळतो. पण ती सोय या वर्षी शेवटची होती. पुढच्या वर्षीपासून डिग्री नाही तर सही नाही. परीक्षा घरूनच द्यायची, तीही डेस्कटॉपवर. मोबाइल चालत नाही आणि लॅबमधले कम्प्युटर बाहेरची पानं उघडतच नाहीत. लॉगिन अकरा ते साडेअकरा. साडेअकराला दार बंद, दुसरी तारीख नाही.

आता आमच्या कम्प्युटरविषयी. तो आमचा असं मी म्हणते, पण तो आमच्या ह्यांचा. हे बाटल्या भरण्याच्या कारखान्यात फिटर आहेत आणि हाताने सोन्यासारखे आहेत, ते मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. त्यांच्या घरात एकही स्क्रू सैल नसतो. बायकोने यंत्राला हात लावू नये, असं ते कधीच म्हणत नाहीत. ते म्हणतात, 'थांब, मी करतो.' आणि मी थांबते. मिक्सरचं झाकण अडकलं, थांब. पंखा घरघरतोय, थांब. लॅबमध्ये मी जे यंत्र रोज उघडून धुते त्याच्या किमतीत आमचं घर, घरातला पंखा आणि हे स्वतः, सगळं येऊन वर काही उरेल. पण घरी आले की मी थांबते.

त्याला एक कारणही आहे आणि ते मी लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी मी विणकामाचा एक नमुना शोधताना कुठेतरी नको तिथे क्लिक केलं आणि कम्प्युटरवर जाहिरातींचा नुसता पूर आला. एक बंद करावी तर चार उघडायच्या. ह्यांनी अख्खा रविवार घालून ते निस्तरलं. केलं होतं मी, मान्य आहे. पण तो किस्सा त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळाला. माझ्या भावालाही मिळाला, दोनदा.

तर दहा वाजून दहा मिनिटं. मी फाइल पुन्हा उतरवून घेतली, चालवली, दोनदा हो म्हटलं. ब्राउझर बंद करून उघडला. फुली तशीच. मी स्वतःला म्हटलं, शांत राहा, मदतकेंद्र कशासाठी आहे. नंबर लावला. बारा मिनिटं बासरी ऐकली. मला बासरी आवडायची.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" बाई कागदावरून वाचत होती हे पहिल्या शब्दालाच कळत होतं.

मी सगळं सांगितलं. रविवारी होतं, आज नाही, आता पुन्हा बसवलं तरी दिसत नाही.

"ठीक आहे, मॅडम. कम्प्युटर रीस्टार्ट करून बघा."

"ब्राउझर बंद-चालू केलाय मी."

"ब्राउझर नाही, मॅडम. पूर्ण कम्प्युटर. पायरी सहा आहे ती. मी लाइनवर थांबते."

आमच्या कम्प्युटरला उठायला चार मिनिटं लागतात. तो उठला. मी पान उघडलं. फुली. आणि यावेळी तर मघाशी बसवलेलं प्लगइन यादीतही नव्हतं. उतरवलेली फाइलही नाही. जागा झाडून पुसून लख्ख.

"मॅडम, तुम्ही ते इन्स्टॉलच केलेलं दिसत नाही," ती म्हणाली.

"अहो, आत्ता तुमच्यासमोर केलं."

"माझ्यासमोर नाही, मॅडम. मला तुमचा कम्प्युटर दिसत नाही. पुन्हा इन्स्टॉल करा आणि मग रीस्टार्ट करून बघा."

पुन्हा केलं. पुन्हा रीस्टार्ट. पुन्हा चार मिनिटं, त्या गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत. पुन्हा लख्ख. घड्याळात दहा पंचावन्न झाले होते आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मॅडम, कदाचित तुम्ही 'हो' च्या जागी 'नाही' दाबत असाल," ती म्हणाली. "घरात दुसरं कोणी आहे का, ज्यांना कम्प्युटरची माहिती आहे?"

मी फोन टेबलावर उलटा ठेवला. कापला नाही, कारण पुन्हा बासरी ऐकायची ताकद नव्हती. पण तिचं बोलणं आणखी एक मिनिट ऐकलं असतं तर मी काहीतरी असं बोलले असते की जे परीक्षा मंडळाच्या नोंदीत कायमचं राहिलं असतं. घरात दुसरं कोणी आहे का. हेच मी अठरा वर्षं ऐकते आहे. डॉक्टर लॅबमध्ये येतात, माझ्या हातात रिपोर्ट असतो, आणि विचारतात, 'इथे कोणी आहे का?'

मग मी एक गोष्ट केली जी खरं तर पहिल्या फुलीलाच करायला हवी होती. मी लॅबमध्ये असते तर काय केलं असतं, असा विचार केला.

लॅबमध्ये यंत्र चुकीचं उत्तर द्यायला लागलं की आम्ही दहा बटणं दाबत नाही. आम्ही कंट्रोल लावतो. कंट्रोल म्हणजे असं रक्त, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. यंत्राने त्याचंही उत्तर चुकवलं तर दोष रोग्याच्या रक्तात नाही, यंत्रात आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं. नव्या पोरांना हे शिकवताना माझा घसा बसतो, आणि आज मीच घाबरगुंडी उडाल्यासारखी एकामागून एक हो-हो दाबत बसले होते.

मी डेस्कटॉपवर एक रिकामं फोल्डर केलं. त्याला नाव दिलं 'कंट्रोल'. रिकामं फोल्डर, त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. ते प्लगइन नाही, त्याचा परीक्षेशी संबंध नाही. आणि कम्प्युटर रीस्टार्ट केला. अकरा वाजले, लॉगिन उघडलं, आणि मी चार मिनिटं हातावर हात ठेवून बसले. मुद्दाम वाया घालवलेली चार मिनिटं होती ती. त्यांच्याइतकी महाग मिनिटं मी आयुष्यात खर्च केली नाहीत.

फोल्डर नव्हतं.

म्हणजे दोष प्लगइनमध्ये नव्हता. पोर्टलमध्ये नव्हता. माझ्या बोटांत तर नव्हताच. हा कम्प्युटर बंद झाला की जे जे नवीन ते ते फेकून देत होता. आणि असं कोणतंही यंत्र आपण होऊन करत नाही. कोणीतरी तसं लावून ठेवावं लागतं.

मी बाहेरच्या खोलीत गेले. सासूबाई भिंग घेऊन पेपर वाचत होत्या.

"आई, ह्यांनी कम्प्युटरला काही केलंय का?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून त्या अशा वेळी चष्मा पुसतात. त्यांनी चष्मा पुसला.

"कुलूप घातलंय म्हणे त्याला," त्या म्हणाल्या. "मागे ते जाहिरातींचं झालं ना, तेव्हाच. काही बिघडवलं तरी बंद करून चालू केलं की होतं तसं परत होतं, असं म्हणत होता. मला म्हणाला, तिला सांगू नकोस, उगीच वाईट वाटेल तिला."

दोन वर्षं. दोन वर्षं मी त्या कम्प्युटरवर जे काही करत होते ते रोज रात्री पुसलं जात होतं. विणकामाचे नमुने साठवले आणि सापडले नाहीत, तेव्हा वाटलं, मीच नीट साठवले नसतील. अभ्यासाच्या टिपा एकदा टाइप केल्या आणि गेल्या. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, 'सेव्ह केलं नसशील.' आणि मी मान डोलावली. तेव्हापासून वहीत लिहायला लागले. वाईट मला आत्ता वाटत होतं. तेव्हा सांगितलं असतं तर फक्त राग आला असता.

ह्यांच्या कारखान्यात मशीनजवळ मोबाइल चालत नाही. गेटवर जमा करून आत जायचं. मी सासूबाईंच्या फोनवरून गेटचा नंबर लावला. अकरा वाजून नऊ मिनिटं.

"फिटरसाहेब आत बाटल्यांच्या लाइनवर आहेत," गेटवरचा माणूस म्हणाला. "फारच अर्जंट आहे का? कोणाला काही झालंय का?"

"हो. मला झालंय. बोलवा त्यांना."

बाई इतक्या ठणठणीत आवाजात आजारी कशी, असा विचार त्याने केला असणार, पण गेला. सहा मिनिटांनी हे धापा टाकत आले.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बऱ्या आहेत. कम्प्युटरला तुम्ही जे कुलूप घातलंय त्याचा पासवर्ड सांगा."

त्यांच्या मागे बाटल्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"अगं, ते... ते सेफ राहावं म्हणून लावलंय. आमच्या कंट्रोल रूममधल्या सगळ्या मशीन्सना असतं ते."

"पासवर्ड सांगा. पंधरा मिनिटं राहिलीत."

"असं फोनवर सांगून नाही जमायचं तुला. चार ठिकाणी जावं लागतं, मग दोनदा रीस्टार्ट. एक चुकलं तर सगळं लॉक होऊन बसेल. हे बघ, मी निघतो आत्ता. सुट्टी टाकतो अर्धा दिवस. चाळीस मिनिटांत पोचतो."

"साडेअकराला दार बंद होतं. सांगितलं होतं मी तुम्हाला. तीनदा सांगितलंय."

"मी बोलतो त्या लोकांशी. तू आता कशाला हात लावू नकोस. थांब, मी करतो."

आणि ठेवला. त्यांनी ठेवला. मी पुन्हा लावला तर गेटवरचा माणूस म्हणाला, "साहेब निघाले की, वहिनी. पळतच गेले."

इतका चांगला माणूस. अर्धा दिवस बुडवून पळत निघाला, बायकोच्या परीक्षेसाठी. चार शब्द सांगायला मात्र जमलं नाही त्याला. त्या क्षणी ते समोर असते तर मी काय केलं असतं ते मी लिहीत नाही, कारण सासूबाईही वाचतील.

मी कम्प्युटरसमोर बसले. वही उघडली. रविवारची नोंद त्यात होती, कारण लॅबची सवय. 'ब्राउझर बंद करून फाइल चालवली. मग उघडला. हिरवी खूण.' आज सकाळी घाईघाईत मी ब्राउझर उघडा असतानाच फाइल चालवली होती. तेवढाच फरक. आणि कुलूप कम्प्युटर बंद झाल्यावरच काम करत होतं; चालू असेपर्यंत सगळं जागच्या जागी राहत होतं. म्हणजे मला पासवर्डची गरजच नव्हती. मला फक्त एक गोष्ट करायची नव्हती, आणि ती म्हणजे सकाळपासून सगळे जे सांगत होते ते.

टेबलावर उलटा ठेवलेला फोन अजून चालू होता. मी उचलला.

"मॅडम, रीस्टार्ट केलंत का?"

"नाही. आणि करणारही नाही."

"मॅडम, पायरी सहा वगळता येत नाही."

"मी वगळली," मी म्हटलं, आणि फोन कापला. त्या बाईचा काही दोष नव्हता हे मला आता कळतं. तिच्याही घरी कोणीतरी तिला थांब म्हणत असेल.

फाइल उतरायला तीन मिनिटं लागली. अकरा एकवीस. ब्राउझर बंद केला. पण बाहेर काढलेला माणूस खरंच गेलाय का ते बघावं लागतं. आत काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला तर यादीत ब्राउझर सात वेळा बसलेला. खिडकी बंद, पण हा आत ठाण मांडून. सकाळी माझ्या बंद-चालू करण्याने काही का झालं नाही ते तिथे उमगलं. एकेकाला धरून बाहेर काढलं, सातांनाही. यादी पुन्हा वाचली. नाही कोणी. मग फाइल चालवली. हो. हो. अकरा पंचवीस. ब्राउझर उघडला.

ढाल आली. पान उघडलं, लाल फुली क्षणभर दिसली, मग तिच्या जागी हिरवी खूण आली. अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी मी लॉगिन केलं. घाईत जन्मतारीख दोनदा चुकली.

पडद्यावर नियम आले. खोलीत एकटेच असावे. नजर पडद्यावर असावी. बोलू नये. आवाज आढळल्यास इशारा. तिसऱ्या इशाऱ्याला अथवा खोलीत दुसरी व्यक्ती दिसताच परीक्षा रद्द. मी उठून खोलीच्या दाराला आतून कडी घातली, जाता जाता सासूबाईंना म्हटलं, "आई, आता दोन तास कोणी बोलायचं नाही," आणि बसले.

पहिले वीस प्रश्न कसे सोडवले ते आठवत नाही. रागाने माणसाला चांगलं लिहिता येतं, हे कोणी सांगत नाही. गोठलेला नमुना आला तर काय कराल. काय करणार, परत पाठवणार आणि चुकीच्या नळीत रक्त घेणाऱ्याला दोन शब्द सुनावणार; पण पर्यायांत फक्त पहिला भाग होता, तो मी निवडला.

एकविसाव्या प्रश्नाला बाहेरचं दार धाडकन उघडलं.

"आलो, आलो," ह्यांचा आवाज. "काही दाबू नकोस तू. मी आलोय."

पडद्यावर पिवळी पट्टी. 'आवाज आढळला. इशारा एक.'

मला ओरडता येत नव्हतं. माझा आवाज हाही आवाजच. वळून बघता येत नव्हतं. मी पडद्याकडे डोळे लावून बसले, आणि खोलीच्या दाराबाहेर त्यांचे कारखान्यातले जड बूट येऊन थांबले.

मग त्यांनी दार वाजवलं. तीनदा, पूर्ण ताकदीने.

'आवाज आढळला. इशारा दोन.'

अठरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेली वगैरे काही झालं नाही. मला फक्त एवढं कळलं, की आता हा माणूस आणखी एकदा 'थांब' म्हणेल, आणि मी खरोखरच कायमची थांबेन. प्रेमाने. मदत म्हणून. मी आयुष्यात कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही, पण त्या क्षणी मी मनोमन म्हटलं, ह्या माणसाची वाचा जाऊ दे.

आणि ती गेली. पुन्हा एक शब्द आला नाही. बूट मागे सरकले, काहीतरी घासल्यासारखं झालं, मग काहीच नाही. दीड तास काहीच नाही.

नंतर मला कळलं. सासूबाई, ज्यांना गुडघ्यांमुळे स्नानघरापर्यंत जायला भिंत धरावी लागते, त्या खुर्चीतून उठल्या, दारापर्यंत आल्या आणि त्यांनी स्वतःच्या पन्नाशीच्या मुलाच्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हाताने त्याची कॉलर धरून त्याला स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावर बसवलं, आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसल्या. दीड तासात त्याने दोनदा तोंड उघडलं, तर दोन्ही वेळा त्यांनी भिंग उगारलं.

एक वाजून सत्तावीस मिनिटांनी शेवटचं बटण दाबलं. चक्र फिरलं. मग पान आलं: शंभरपैकी शहात्तर. उत्तीर्ण. खाली माझं नाव, आणि नावापुढे 'तंत्रज्ञ'. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, कारण या घरात कम्प्युटरवर काही ठेवून उपयोग नसतो. मग कडी काढली.

हे स्वयंपाकघरातून धावत आले. केस विस्कटलेले, कपाळावर घाम, अंगात अजून कारखान्याचा डगला.

"चालू कसा झाला?" ते म्हणाले. "कुठे कुठे क्लिक केलंस? काही बिघडवलं नाहीस ना?"

मला वाटलं, पुढचा प्रश्न येईल. तो आला, पण त्यांच्या मागून.

"पास झालीस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"झाले, आई."

"सही करणार आता तू?"

"हो."

त्या भिंतीला धरून तशाच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मग हे म्हणाले, "अरे वा. मला माहीत होतं, तू होणार." आणि खरंच त्यांना आनंद झाला होता, चेहऱ्यावर दिसत होता. म्हणून तर जास्त राग येत होता. वाईट माणसावर रागवणं किती सोपं असतं.

"ते कुलूप काढा," मी म्हटलं.

"अगं, आता कशाला? झाली ना परीक्षा. ते असलेलं बरं. पुन्हा जाहिराती आल्या तर?"

"आल्या तर येतील. बिघडलं तर बिघडेल. बिघडवायचा मलाही हक्क आहे तितकाच. काढा."

हा आवाज माझ्या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते खुर्चीत बसले. चार ठिकाणी गेले. ती चार ठिकाणं मी मागे उभी राहून बघितली, त्यात काहीही अवघड नव्हतं. शेवटी पासवर्डची पट्टी आली. ह्यांनी उजवा हात कीबोर्डवर ठेवला, आणि डावा हात त्याच्यावर आडवा धरला. मला दिसू नये म्हणून. मुद्दाम नव्हे. मुद्दाम असतं तर मी सोसलं असतं. हात आपोआप गेला.

बावीस वर्षांचा संसार. ह्या माणसाच्या तापात मी रात्रंदिवस उशाशी बसले आहे. त्याच्या रक्ताचे सगळे रिपोर्ट मी स्वतःच्या हाताने केले आहेत, त्याच्या अंगात काय चाललंय ते मला त्याच्याआधी कळतं. आणि तो माझ्यापासून कीबोर्ड झाकत होता.

"हात काढा," मी म्हटलं.

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि मला पहिल्यांदाच त्यांची मान खाली गेलेली दिसली. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.

"टाइप करा. सावकाश. मला दिसेल असं."

त्यांनी एका बोटाने टाइप केला. कारखान्याचं नाव, आणि पुढे एक, दोन, तीन. एवढंच. जगात कोणापासूनही लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. कारखान्यातल्या चाळीस माणसांना तो पाठ असेल. फक्त मला माहीत नव्हता.

"उठा आता," मी म्हटलं. "पुढचं मी करते."

ते उठले, आणि खुर्चीच्या मागे उभे राहिले. एकदा त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं. मी बसले आणि कुलूप काढून टाकलं.